बावीस पानं आणि एक नारळ

आमच्या कॉलेजात सध्या एक फॉर्म फिरतोय. त्यात एक रकाना आहे, 'आपल्या संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम'. मी नांदेडात तत्त्वज्ञान शिकवते. विज्ञान आणि धर्म हा माझा विषय. परिणाम कसला डोंबलाचा! माझ्या लेखाचा उल्लेख आजवर दोघांनी केलाय, त्यातली एक मीच. तीन आठवडे तो रकाना मी कोराच ठेवला होता.

तेवढ्यात दादाचा फोन आला. माझा थोरला भाऊ, जळकोटजवळ शेती करतो. "रविवारी ये बये. बोअर मारायलोय. जागा दावणारा माणूस तुझ्याच वळखीचा हाय." असा माझ्या ओळखीचा कोण, मला कळेना. मोसंबीचं तिसरं वर्ष, विहीर तळाला गेलेली. या उन्हाळ्यात पाणी लागलं नाही तर बाग जाणार, हे मात्र ठाऊक होतं. सरकारी भूजल खात्यानं ओढ्याकाठची जागा सुचवली होती, त्यांच्यातलाच कुणी ओळखीचा निघाला असेल आणि तिथंच मारत असेल, असं मी धरून चालले.

अहमदपूरला गाडी बदलून शेतात पोचले, तर मशीन भलत्याच टोकाला, वरच्या माळावर धडधडत होतं. शेजारी एक मोटारसायकल, आणि तिच्या हँडलला सुतळीनं बांधलेला लॅमिनेशन केलेला फोटो. जवळ जाऊन पाहिलं. फोटोत मी होते! हसत हसत एका माणसाला शाल-नारळ देताना, मागं चर्चासत्राचा बॅनर. खाली माझ्या लेखाचं पहिलं पान, माझ्या नावासकट, कॉलेजच्या शिक्क्यासकट.

तो माणूस पाणाड्या. तळहातावर नारळ घेऊन रानात फिरतो. नारळ उभा राहिला की तिथं पाणी. दोन वर्षं मी त्याच्या मागं हिंडले होते. त्यानं दाखवलेली प्रत्येक जागा वहीत टिपली, पाणी लागलं का नाही तेही टिपलं आणि बावीस पानांचा इंग्रजी लेख लिहिला. म्हणणं एवढंच, की डोळे मिटून कुठंही खोदलं असतं तरी तेवढंच पाणी लागलं असतं. कोरडी गेलेली बोअर लोक नशिबावर ढकलतात, म्हणून नारळ कधी हरतच नाही. पुढं चर्चासत्राला त्यालाही बोलावलं, लेखाची प्रत हातात दिली. आपल्याकडं माणूस स्टेजवर आला की शाल-नारळ द्यायचाच, त्यात विचार कोण करतं? पण नारळ, आणि तोही पाणाड्याला! माझी अक्कल कुठं शेण खायला गेली होती कोण जाणे.

मला बघून तोच हसत पुढं आला. "मॅडम, तुमचे लई उपकार झाले. आता पार निलंग्यापस्तोर बोलावणं येतंय."

"अहो, पण मी त्यात काय लिहिलंय ते वाचलंत का?" माझा आवाज चढला.

"आमाला कुठं कळती ती भाषा? पर माझ्यावर बावीस पानं लिवली म्हंजे चांगलंच लिवलं असंल की!"

त्याच्या डोळ्यांत लबाडी औषधालासुद्धा नव्हती. तेच मला सहन होईना.

"दादा, थांबव ते मशीन!" मी ओरडले. पण तोवर मशीनवाल्यानंच थांबवलं. सहाशे फूट खाली गेले होते आणि वर येत होता नुसता पांढरा फुफाटा. मोसंबीच्या पानांवर बसला, माझ्या केसांवर बसला. मला तो कोरा रकाना आठवला.

दादा बांधावर खाली बसला. म्हणाला, "काय लिवलंस तू त्यात?"

"नारळाला पाण्यातलं काही कळत नाही, असं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मी वढ्याकाठीच मारणार होतो गं. खुणेचा दगडसुदिक रवला होता. मंग ह्यो फोटो बघितला. म्हणलं, आपल्या बहिणीनं शिक्का मारलाय, आता दुसऱ्या कुणाला कशाला इचारायचं?"

मला रडूच कोसळलं. दर रविवारी मी त्याला फोन करायचे. पाऊस, आईच्या गोळ्या, मोसंबीवरची कीड, सगळं बोलणं व्हायचं. लेखाचं मात्र मी एकदाही काढलं नव्हतं. त्याला काय कळणार, असं मला वाटायचं. लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

पाणाड्या कचरत जवळ आला. "मॅडम, दुसरी जागा बघू का?" नारळ त्याच्या हातातच होता. मी मानेनंच नको म्हणाले.

दादानं पंच्यानं तोंडावरची धूळ पुसली. चिडला असता तर बरं झालं असतं. पण तो हळूच म्हणाला, "दर रविवारी फोन करतीस की बये. एकदा म्हणायचं होतंस."