उजवीकडची रांग

ईस्टरआधीच्या उपासात दर शुक्रवारी चर्चच्या तळघरात तळलेल्या माशांचं जेवण असे. वाढायला दोन खिडक्या. डावीकडे लिओना विस्निक, उजवीकडे ज्याला सवड असेल तो. हॅरिएट डुबिएल मात्र कायम उजव्याच रांगेत उभी राही, मग ती रांग जिन्यापर्यंत का जाईना. गावाला कारण ठाऊक होतं. हॅरिएटच्या मुलाने, कर्टिसने, सोळाव्या वर्षी लिओनाच्या भावाला, रेला, त्याच्याच पेट्रोलपंपावर गोळी घालून मारलं होतं. त्याला मरेपर्यंतची जन्मठेप झाली होती.

लिओना तशी मायाळू. कुठल्या पोराला माशाचं शेपूट नको असतं, हे तिच्या ध्यानात असे. राग मात्र तिने लोणच्यासारखा मुरवून ठेवला होता.

मग वरच्या कोर्टाने सांगितलं की अठराच्या आतल्यांना सरसकट अशी शिक्षा देता येणार नाही. जुने खटले पुन्हा उघडले. मिशिगनभर चाळिशी-पन्नाशीचे कैदी पुन्हा न्यायाधीशांपुढे उभे राहू लागले.

"पोरगाच होता गं तेव्हा," फादर चाचरत म्हणाले.

"आणि माझा भाऊ रे काय पिकलेला म्हातारा होता? तुम्ही बटाटे सोला, फादर."

कर्टिस सुटू नये, एवढंच तिला हवं होतं. तिने कधी त्याचा नवा फोटो पाहिला नव्हता. बघायचाच नव्हता.

कोर्टात तिची बोलायची पाळी आली. समोरच्या टेबलाशी सुटातली दोन माणसं बसली होती. त्यांतल्या अरुंद खांद्यांच्या, तरुण पोरावर तिने नजर रोखली.

"मान वर कर! तुझ्या आईच्या स्वयंपाकघरात मी तुला केक भरवलाय. लाज नाही वाटली तुला?"

तो पोरगा कानापर्यंत लाल झाला. शेजारच्या टकल्या, चष्मेवाल्या माणसाने हात जरासा उचलला.

"लिओनाबाई, कर्टिस मी. हे माझे वकील."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. लिओना वळून त्या माणसाकडे बघत राहिली.

"म्हणजे तू म्हातारा झालास," ती म्हणाली. "रेला टक्कल पडायची केवढी धास्ती होती. तेवढंसुद्धा पडू दिलं नाहीस तू त्याला."

आता कोणी हसलं नाही. कर्टिसने मान खाली घातली. न्यायाधीशांनी तरीही त्याची जन्मठेप काढून ठरावीक वर्षांची शिक्षा दिली. ती बरीचशी भोगून झालीच होती. पुढच्या ईस्टरआधी तो घरी येणार, हे उघड होतं.

निकालानंतरच्या शुक्रवारी हॅरिएट पहिल्यांदाच डाव्या रांगेत उभी राहिली.

"लिओना, पुढच्या वर्षी तो असेल. त्याने यावं की नाही, ते तुलाच विचारते."

लिओनाने दोन तुकडे वाढले, कोबीची कोशिंबीर वाढली. ताट नेहमीसारखंच भरलेलं होतं.

"उपाशी मी कोणाला पाठवत नाही. येऊ दे. पण उजवीकडे. रांग रस्त्यापर्यंत गेली तरी उजवीकडेच."

"आणि मी?"

"तूसुद्धा." तिने ताट सरकवलं आणि हॅरिएटच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "चला, पुढे या. मासा गार होतोय."