महालक्ष्म्यांची फाळणी

कोठी भागातल्या मुलींच्या कॉलेजात मी जन्मभर महायुद्धं शिकवली. आधी कारणं, मग घटना, शेवटी तह. महायुद्ध सुरू करायला कुणीतरी घोषणा करावी लागते आणि संपवायला सह्या, असं मी फार ठामपणे सांगत असे. मी निवृत्त झाले आणि युद्धांनी माझ्या नोट्स गुंडाळून ठेवल्या.

आता घोषणा नाही, तह नाही, आघाडी कुठे आहे तेही कळत नाही. लढणारे दोन देश दूर पश्चिमेला, त्यांना लढवणारे आणखी दूर, आणि तोफखाना आमच्या मलकपेठच्या घरात. त्या देशांची नावं मी घेत नाही. घेतली तर तुमच्याही घरात चुली वेगळ्या व्हायच्या.

आमचं घर दुमजली. वर आम्ही, खाली धाकटे दीर आणि जाऊ. दोघे भाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त, त्यामुळे जग चालवायला मोकळे. ह्यांनी एका देशाची बाजू घेतली म्हणून भाऊजींनी दुसऱ्याची घेतली. घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज नकाशे पडू लागले. दिलसुखनगरला भाजी आणायला गेले तर गाडी कुठे लावली ते विसरणारी ही माणसं तिकडच्या सामुद्रधुन्या तोंडपाठ सांगत. मग भाऊजींनी पेपर वर पाठवणं बंद केलं आणि ह्यांनी इन्व्हर्टरची खालची लाइन काढून टाकली. निर्बंध म्हणजे काय हे मुलींना समजावताना माझा घसा बसायचा. इथे प्रात्यक्षिकच चाललं होतं. पुढे बोलणंही थांबलं. ‘त्याला सांग’ आणि ‘दादाला सांगा’ अशी दोघांची भांडणं आम्हा जावांच्या तोंडून होऊ लागली. मोठे देश स्वतः न लढता दुसऱ्यांना कसं लढवतात, हे दाखवायला मी पूर्वी फळाभर बाण काढत असे.

जावेचा एकुलता एक मुलगा आखातात इंजिनियर आहे. ही सगळी क्षेपणास्त्रं त्याच्या डोक्यावरून जात होती. भाद्रपदात महालक्ष्म्यांना तो घरी येणार होता, पण विमानं बंद झाली. जाऊ कणीक मळतानाही फोन समोर ठेवून बसायची. बाप आणि काकाही त्याला फोन करत, नाही असं नाही. तिकडचं लोकमत कुठल्या बाजूनं आहे, ते विचारायला.

आमच्या महालक्ष्म्या दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पितळेचे मुखवटे, आम्हा जावांच्या लग्नातल्या साड्या. दोघी बहिणी खालच्या बैठकीत शेजारी उभ्या राहतात, एकत्र जेवतात, आणि त्यांच्यापुढे सगळं घर एका पंगतीत बसतं. मी या घरात आले तेव्हापासून ही पंगत कधी मोडली नव्हती. यंदा ह्यांनी जिन्यातूनच फर्मान काढलं, “ज्येष्ठा वर, कनिष्ठा खाली. एकदाचा निकाल लागू दे.”

“हौ, मंजूर!” खालून भाऊजी ओरडले.

इतक्या महिन्यांत दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एका कलमावर. भाऊजी वर आले, माझ्या कपाटातून कनिष्ठेचा मुखवटा टॉवेलात गुंडाळून घेऊन गेले.

जाऊ जिन्यात येऊन बसली. “अक्का, एकटीला कसं उभं करू? पोरगं तिकडे एकटं, ही इकडे एकटी.” मला रडू येत होतं, पण राग त्याहून जास्त आला होता.

महालक्ष्म्या घरात यायच्या त्या दुपारी मी खाली तिच्याबरोबर कुंकवाची पावलं काढत होते. तेवढ्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. समोरच्या रस्त्यावर काहीतरी येऊन पडलं होतं, त्याच्या घराच्या काचा फुटल्या होत्या. भाऊजींनी फोन ओढून घेतला. “कोणाचं होतं?”

“नीट विचार त्याला, कोणाचं होतं!” हे वरच्या कठड्यावरून ओणवून म्हणाले. फर्मान-मंजुरी सोडली तर कित्येक महिन्यांनी भाऊ भावाशी थेट बोलला, तो एवढ्यासाठी.

“बाबा, तुकडे होते. कोणाचे ते काय की.” त्यानं हात वर केला. पंज्याला टॉवेल बांधलेला होता आणि तो लाल झाला होता. “आई, परेशान नको होऊ. टाके पडतील फक्त.”

जावेनं नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला. मी वर गेले आणि ज्येष्ठेचा मुखवटा उचलला.

“अगं, करार झालाय,” हे म्हणाले.

“माझी सही नाही त्यावर,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघी आपल्या जागी शेजारी-शेजारी उभ्या होत्या. मध्ये फोन टेकवून ठेवला होता, त्यात पुतण्या, हाताला पांढरं बँडेज. पुरणाचा वास जिन्यापर्यंत गेला तसे दोघे भाऊ दारात आले. जावेनं त्यांना उंबऱ्यावरच अडवलं. माझ्यासमोर ती कधी मोठ्या दिरांशी वर मान करून बोललेली नव्हती.

“आधी सांगा, कोणाच्या बाजूचे?”

भाऊजींनी फोनमधल्या मुलाकडे बोट केलं. “त्याच्या,” एवढंच म्हणाले. तिनं त्यांना पाट दिला.

ह्यांनी घसा खाकरला. “तसं बघायला गेलं, तर हा प्रश्न इतका सरळ नाही...”

जावेनं ह्यांचं ताट उचलून माझ्या हातात दिलं. मी ते वर नेऊन ठेवलं. वरण, भात, कढी, सोळा भाज्या, सगळं वाढलेलं होतं. पुरणपोळी तेवढी मी खालीच काढून ठेवली.