करंड्यातली तपकीर

साऱ्या वऱ्हाडात कुणाच्या बापाला न भिणारी एकच बाई होऊन गेली, आणि ती अमरावतीच्या आमच्या मुलींच्या कॉलेजात वसतिगृहाची मेट्रन होती. यावर मी आजही कुणाशीही भांडायला तयार आहे. नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतकरी घरातली, तरुणपणीच विधवा झालेली, अंगानं दणकट. आवाज असा की स्वयंपाकघरात तिनं "पोरीहो!" म्हटलं की फाटकाबाहेरचा टांगेवाला घोडा आवरून धरायचा. प्रिन्सिपॉलपासून कलेक्टरच्या मडमेपर्यंत सगळ्यांना तिचा प्रश्न एकच, "कावून?", म्हणजे का म्हणून. मुलींनी रस्त्यात मोठ्यानं हसू नये. कावून? संध्याकाळनंतर गच्चीवर जाऊ नये. कावून? उत्तर पटलं तर ऐकेन, असं ती म्हणायची खरी, पण ते पटलेलं मी काही पाहिलं नाही. एकदा परीक्षेच्या तोंडावर बाळापूरहून एका मुलीचे काका तिला न्यायला आले. आजी आजारी आहे म्हणे! आजी ठणठणीत होती, मुलीला पाहायला पाहुणे यायचे होते, हे बाईंनी काकांच्या नव्या कोऱ्या टोपीवरूनच ओळखलं. "आजी बिमार हाय तं वैद्य न्या जी. पोरगी काय काढा पाजनार हाय तिले?" असं म्हणून तिनं काकांना पाटावर बसवलं आणि भाकरीवर असा ठेचा वाढला की ते तांब्याभर पाणी पिऊन, डोळे पुसत, एकटेच बाळापूरला परत गेले.

तिला तपकिरीचं व्यसन होतं. कमरेला खोचलेला चांदीचा एक करंडा होता, त्यात कुंकवाच्या जागी तपकीर. आम्ही परीक्षेला निघालो की ती दारात उभी राहून मुद्दाम चिमूट ओढायची आणि दणदणीत शिंकायची. निघताना शिंक! आमच्यातल्या सोवळ्या मुली रडकुंडीला यायच्या. "जा आता बिनधास. अपशकून इथंच खतम केला मी," असं म्हणून ती हातावर गूळ ठेवायची. आणि आम्ही पास व्हायचो, करा काय करायचं ते.

मी अकोल्याची. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा नवऱ्याला एकदा नीट पाहिलं, पुन्हा पाहायची वेळच आली नाही. तो गेला आणि मी शिकत सुटले. बी.ए.ला मी कॉलेजात पहिली आले. पहिल्या मुलीला एका रावसाहेबांनी आपल्या दिवंगत पत्नीच्या नावे ठेवलेलं बक्षीस मिळे आणि ज्या मुलीला ते बक्षीस, तिलाच नागपूरला एम.ए. करायची शिष्यवृत्ती. शिष्यवृत्ती नाही, तर मी जन्मभर भावाच्या घरी पोळ्या लाटणार, इतका साधा हिशेब होता. पण बक्षीस काय होतं? चांदीचा कुंकवाचा करंडा!

बक्षिसाच्या कमिटीनं मला बोलावलं. रावसाहेब अगदी मायेनं म्हणाले, "मुली, वाईट वाटून घेऊ नकोस. सौभाग्याची वस्तू आहे. ती दुसऱ्या आलेल्या मुलीला देऊ. तुला एक छानशी पोथी देतो." माझ्या अंगाची लाही लाही झाली. तेवढ्यात मागून आवाज आला, "कावून?"

बाईंना कुणी बोलावलं नव्हतं. ती सरळ टेबलाशी आली, आपला करंडा काढला, झाकणावर टिचकी मारली, चिमूट ओढली आणि अशी शिंकली की कमिटीच्या सेक्रेटरींचा चष्मा नाकावरून घसरला.

"हा माह्या लग्नातला करंडा. मालक गेले तवा सारे म्हनत, देऊन टाक. मी नाई देल्ला. करंड्याले काई झालं नाई, मलेबी काई झालं नाई. पोरगी पयली आली, तं डबी तिची. तिच्यात काय ठेवाचं ते तिले ठरवू द्या!"

"अहो बाई, पण लोक काय म्हणतील?"

"लोकाईले माह्याकडं धाडा. आन् रावसायेब, तुमच्या मालकीनबाई असत्या तं कोनाले देल्ला असता?"

रावसाहेब हसले. "तीही तुमच्यासारखीच भांडकुदळ होती. द्या पहिलीलाच!"

समारंभाच्या दिवशी माझं नाव पुकारलं आणि सभागृहात कुजबुज उठली. मी पायरीवर पाय ठेवला, तोच मागच्या रांगेतून ती ओळखीची दणदणीत शिंक आली. पुढच्या खुर्चीतलं कुणीतरी पुटपुटलं, "अपशकून!" मला हसू आलं, आणि मी भर स्टेजवर मोठ्यानं हसले. हसतच करंडा घेतला.

नागपूरहून एम.ए. होऊन मी अकोल्याला शिकवू लागले, आणि बाई थकून नांदगावी जाऊन राहिली. एका सुट्टीत मी भेटायला गेले. डॉक्टरांनी तपकीर बंद केली होती, म्हणून स्वारी रुसलेली. "धुऊन टाक तो करंडा. आता काय कामाचा?" असं म्हणून तो तिनं माझ्याकडे फेकला. मी अंगणात बसून राखेनं घासायला लागले. तपकीर निघाली, आणि तळाच्या सांध्यात कुंकवाची एक लाल रेघ दिसली. इतक्या वर्षांच्या तपकिरीनं ती पुसली नव्हती.

"बाई, इथं कुंकू राहिलंय जुनं. काढू?"

या प्रश्नावर ती "कावून?" म्हणाली नाही. करंडा माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि रिकामाच कमरेला खोचला.

"राहू दे वो," ती म्हणाली. "मानूस वाईट नव्हता."