मामा, मामी आणि गदूद

माणसाच्या डोक्यावर आमच्या मामांइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या निजामी मुलखात दुसरा नसेल. पूर्णा जंक्शनवर ते तिकीटबाबू होते. कुठल्याशा उर्दू साप्ताहिकात त्यांनी वाचलं, की माणसाच्या अंगात गदूद असतात, म्हणजे ग्रंथी. भीती वाटली किंवा आनंद झाला की त्यांतून रस पाझरतो आणि त्या वेळी ऐकलेलं कायमचं पक्कं होतं. झालं, त्या दिवसापासून डोकं बाद. "डोकं निस्ती पेटी हाय," ते म्हणत, "किल्ली गदूदात हाय." मला उर्दू शिकवताना ते एकेक शब्द सांगत आणि लगेच पाठीमागे रॉकेलचा डबा बडवत. आजही कुठं डबा वाजला की माझ्या तोंडून 'इन्साफ' निघतो. उतारूंना गाडीची वेळसुद्धा ते असंच दचकवून सांगत. गाडी कुणाची चुकली नाही, पण दोघाचौघांचं सामान मात्र फलाटावर राहिलं.

मग मामी मुदतीच्या तापातून उठली, आणि मामांचा डबा बंद झाला. तिला विहिरीची वाट आठवेना, शेजारणींची नावं आठवेनात. मामांना एकच धास्ती, आपण तरी हिला आठवतो का? रोज विचारत, "माझं नाव काय, सांग बरं." मामी पदर सावरून खाली बघे. विसरली म्हणून गप्प, की नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून गप्प, हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. "डबा वाजवून बघा की," आई म्हणाली. मामा म्हणाले, "तिला भेववायचं माझ्यानं व्हायचं न्हाई, आक्का."

शेवटी आईनं चैत्रातलं हळदीकुंकू केलं. उखाण्यात तरी नाव येईल, हा बेत. बायकांनी आग्रह केला, मामीनं सुरुवात केली आणि अर्ध्यातच अडली. दाराआड कान लावून उभे असलेले मामा श्वास रोखून पुढं झुकले, दार उघडलं, आणि ते थेट भिजवलेल्या हरभऱ्यांच्या परातीत आले. मामी किंचाळली. नुसती नाही, त्यांचं नाव घेऊन, लख्ख, पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत. "लागलं का वो?" म्हणत धावली, आणि मग जीभ चावून तिनं तोंडावर पदर घेतला.

मामा परातीतच बसून राहिले. डोळे पुसत म्हणाले, "अजून येकदा म्हन की."

"आता न्हाई," मामी म्हणाली. तापानंतर ती पहिल्यांदाच हसत होती. "लय झालं."

विहिरीची वाट तिला नव्यानं शिकवावी लागली. मामा घागर घेऊन पुढं चालत, ती मागं. आता दोघंही नाहीत. मामांचं नाव मला अर्थातच ठाऊक आहे, पण मामीच्या तोंडून ऐकल्यावर ते मला कधी घ्यावंसं वाटलं नाही.