परमा झाला होता

"सुजाक है. इन लोगों में और क्या होगा," डॉक्टर म्हणाला आणि माझ्या नवऱ्याला हात न लावताच चिठ्ठी लिहायला लागला. समोरच्या खुर्चीत पाटील चहा पीत बसले होते. त्यांच्याच बांध्यांत आम्ही धानाचं रोवणं करायचो. ते हसले. बाजाराचा दिवस, दवाखान्याच्या व्हरांड्यात आमची अर्धी वस्ती उभी. सगळ्यांनी ऐकलं. सुजाक म्हणजे आमच्याकडचा परमा, बाहेरच्या बाईकडून येणारा रोग. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती.

नवऱ्याची लघवी तुंबायची. कधी लाल यायची. कंबर इतकी दुखायची की वाकता येत नव्हतं.

"पहले कभी हुआ था?"

नवऱ्यानं पाटलांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, "नाही जी. कधीच नाही."

खोटं होतं. लग्नानंतर तो रेल्वेच्या खडीकामावर गेला आणि परमा घेऊन आला. मलाही दिला. लघवीला बसलं की आग आग व्हायची. वैदूचा पाला खाल्ला, कोणाला सांगितलं नाही. त्याबद्दल मी त्याला कधी माफ केलं नाही. पण त्या दिवशी पाटलांसमोर अब्रू झाकायला खोटं बोलले.

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. नवरा पुन्हा जाईना. "कायले जाऊ? चारचौघांत नंगा करतेत मले," म्हणायचा. मी पळसाची फुलं उकळून ओटीपोटावर बांधायची. लघवी तुंबली की आमच्याकडं हेच करतात. दोन वर्षं बांधली. पहाटे तो भिंतीमागं उभा राहायचा. थेंब पडायचा, तो कण्हायचा, परत थेंब. मला ते अजून ऐकू येतं. कान झाकले तरी येतं.

शेवटी तिरोड्याहून गाडीनं नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरनं मागून बोट घालून तपासलं. मूत्राशयाखालच्या ग्रंथीत कॅन्सरची गाठ होती, हाडांत उतरलेली. मी सगळं खरं सांगितलं. विचारलं, "त्या परम्यानंच झाली का जी?"

"असेल, नसेल. खात्रीनं कोणी सांगू शकत नाही. पण याला आधी कोणीच तपासलं नाही?"

महिन्याभरात तो गेला.

मागच्या वर्षी धाकट्या दिराची लघवी अडली. तोच डॉक्टर, पाटीलही तिथंच. "पूरे घर को सुजाक है क्या?" लोक हसले. दीर उठला.

"कायले उठता भाऊजी? बसा."

मग मी व्हरांड्याला ऐकू जाईल असं डॉक्टरला म्हटलं, "माह्या नवऱ्याले परमा झाला होता. मलेही झाला होता. मी खोटी बोलली. पण तो गाठीनं मेला, अन् तुमी त्याले हातही नाही लावला. आता याले तपासा."

"बाहर निकलो."

मी उंबऱ्यावर बसले. पाटलांना बाहेर पडायचं होतं, त्यांनाही वाट दिली नाही. तासाभरानं डॉक्टरनं दिराला टेबलावर घेतलं.

त्या दिवसापासून वस्तीतला कोणीही पुरुष हे दुखणं घेऊन गेला की मी सोबत जाते. विचारतील ते खरं सांगते. तपासल्याशिवाय उंबरा सोडत नाही. सोडणारही नाही.