पडद्यावरची चूल

पडद्यावर आमची चूल दिसली. चुलीपुढं आई, तोंडावर धूर.

ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सुनावणी होती. आमच्या वस्तीच्या वरच्या माळावर फ्लॅटच्या इमारती उठणार आहेत. त्यानं हवेवर, पाण्यावर काय परिणाम होईल ते गावाला सांगायचं, गावाचं ऐकायचं. आई पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर टेकली तर एकजण खेकसला, "ए म्हातारे, मागं हो. तिकडं खाली बस." आई उठली आणि मागं सतरंजीवर जाऊन बसली.

बिल्डरनं हवा-पाण्याच्या मोजणीसाठी नेमलेला साहेब वाचत होता. आवाजात राग नाही, काही नाही. इथली हवा मुळातच खराब आहे, कारण वस्तीतल्या चुली. विहिरीचं पाणी मुळातच पिण्यालायक नाही, कारण वस्तीतल्या लोकांच्या सवयी. तेव्हा इमारतींमुळं फारसा फरक पडणार नाही.

पुढच्या रांगेतून कुणीतरी हसत म्हणालं, "आधी ह्यांच्या चुली बंद करा."

आईनं पदर तोंडावर ओढला.

हा साहेब हिवाळ्यात आमच्या दारात आला होता. हवा ओढून घेणारं यंत्र, आत पांढरा कागद, त्यावर धूळ धरायची. वरच्या गल्लीत बंगले आहेत, गच्च्या आहेत. तिथं त्यानं विचारलंसुद्धा नाही. थेट आमच्या अंगणात आला आणि आमच्या मीटरवरून वायर ओढली. आईला केवढा आनंद! एवढा मोठा माणूस आपल्या दारात. तिनं अंगण सारवलं, कोंबड्या टोपलीखाली डालल्या. यंत्र चुलीशेजारी मांडलं तेव्हा तीच म्हणाली, "आवं सायेब, हितं धूर लागंल मशिनीला. जरा लांब ठिवा की."

"राहू द्या मावशी, इथंच बरंय."

मग त्यानं विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. आईनं तांब्या लख्ख घासून त्याला प्यायला पाणी आणलं. त्यानं हातानंच नको म्हटलं आणि गाडीतली बाटली तोंडाला लावली. आई म्हणाली, "तहान नसंल त्यास्नी."

ती विहीर वस्तीनं स्वतः खणलीय. गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते तेव्हा. माझ्या आज्यानं तिथं पहार चालवलीय. वरच्या गल्लीचं गटार ओढ्यात सोडलंय आणि ओढा विहिरीला घासून जातो. आम्ही पाणी गाळून, उकळून पितो. त्या गटाराचा फोटो पडद्यावर नव्हता. आता इमारतींचं सांडपाणीही त्याच ओढ्यात येणार. मग विहीर संपली. वस्तीला दुसरं पाणी नाही.

सुनावणीहून येताना आई वाटभर पदर तोंडावर धरूनच चालली. घरी आल्यावर उंबऱ्यातच बसली. म्हणाली, "आपल्या धुरानं त्या पोराला दमा झाला आसंल का गं?"

वरच्या गल्लीतलं एक पोर आहे, दमेकरी. तान्हं होतं तेव्हा आईनंच त्याला तेल लावून न्हाऊ घातलेलं.

"न्हाई गं आई. कायतरीच काय."

"पडद्यावर दावलं न्हवं का."

दुसऱ्या दिवशी मी कुपवाडहून कामावरून आले तर अंगणात चूल नव्हती. आईनं स्वतःच्या हातानं फोडली होती. माती भरून उकिरड्यावर टाकली होती, जागा झाडून साफ केली होती. घरातला गॅसचा सिलिंडर पुरवायचा म्हणून ती सकाळचीच भाकरी संध्याकाळी खात होती. कोरडी. मी भिंतीला टेकून रडले. आईनं जन्मभर लोकांचं काय काय ऐकून घेतलंय. पण त्यावर तिचा कधी विश्वास बसला नव्हता. या वेळी बसला.

पावसाळा सरला आणि मोजणी पुन्हा करा असा सरकारी हुकूम आला. तोच साहेब, तेच यंत्र. माझी सुट्टी होती, मी घरातच होते. त्यानं अंगणात इकडंतिकडं पाहिलं.

"मावशी, चूल कुठाय? पेटवा की."

आई गोंधळली. "बंद केली सायेब. तुमीच म्हनलासा, हवा खराब हुती."

"अहो, तसं नाही. आकडे मागच्यासारखे यायला पाहिजेत. दोन विटा मांडा, थोडा ओला पाला टाका. मशीन चालू आहे तेवढंच."

आणि आई उठली. खरंच विटा आणायला उठली. ज्या धुरानं तिला भर सभेत खाली मान घालायला लावली, तोच धूर त्याला हवा होता. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या चुलीनं हवा बिघडत होती म्हणून यंत्र तिथं ठेवलं नव्हतं. हवा बिघडलेलीच दिसावी म्हणून ते चुलीशेजारी ठेवलं होतं.

मी आईच्या हातातली वीट काढून घेतली. आमच्या मीटरला जोडलेली यंत्राची वायर ओढून काढली.

"उचला."

"काय?"

"मशीन उचला. वरच्या गल्लीत गच्चीवर लावा, न्हाईतर माळावर लावा. पाणी पायजे तर आदी ओढ्यातलं घ्या, गटार पडतंय तिथलं. ह्या अंगणात न्हाई."

"ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. असं अडवू नका."

"वीज आमची हाय. अंगण आमचं हाय. उचला."

त्यानं फोन लावला, कुणाशी तरी बोलला आणि यंत्र गाडीत घालून निघून गेला. आई मला म्हणाली, "पावण्याला आसं बोलत्यात व्हय?"

आई अजून चूल घालायला तयार नाही. मी दोनदा माती आणली. ती म्हणते, "नगं गं, कुनाला तरास नगं." तिच्या मनात त्यांनी जे घातलंय ते मला काढता येत नाही, आणि ते मला आतून कुरतडतं.

पुन्हा सुनावणी लागणार आहे. मी आईला पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवणार आहे. उठा म्हणाले तर आम्ही उठणार नाही. आणि पडद्यावर ती चूल पुन्हा आली, की मी सगळ्यांसमोर विचारणार आहे : ती चूल कवाच फोडली. तुमची हवा सुधारली का, ते दाखवा.