चाळीस पायऱ्यांवरची नोकरी

क्रेनवर बसणारा माणूस आठ तास एकटाच असतो. खाली भट्टीचा आवाज, वर पत्र्याचं छत, मधे तो. बोलणार कोणाशी? म्हणून पाळी संपवून खाली उतरला की साठलेलं सगळं एकदम बाहेर पडतं. पस्तीस वर्षं असं साठत गेल्यावर काय होणार!

मी आणि देवांगन, दोघंही क्रेनवाले, लोखंडी सळ्यांच्या एकाच रोलिंग मिलमधून रिटायर झालो. गुढियारी मोहल्ल्यात आमच्या घराजवळ चहाची टपरी आहे, तिथं संध्याकाळी बसतो. देवांगन सांगतो, मी ऐकतो. मला बोलायला वेळ लागतो. मी तोंड उघडेपर्यंत त्याचा चहा संपलेला असतो. म्हणून माझ्या वाटचे किस्से लिहून काढतो आहे.

*

मी नोकरी मागायला गेलो तेव्हा हातात एकही कागद नव्हता. फोरमननं विचारलं, "कितना पढ़ा है?"

"सातवी."

"चढ़."

समोर क्रेनवर जाणारी लोखंडाची उभी शिडी होती. चाळीस पायऱ्या. चढलो. वर पोचून कठडा दोन्ही हातांनी धरला. जेवणाची सुट्टी, म्हणून शेड शांत होती; खालून फोरमन ओरडला, "वहाँ से क्या दिखता है?"

भीतीनं खोटं काही सुचेचना. ओरडून सांगितलं, "साहब, आपका टक्कल!"

सगळी शेड हसली. फोरमननं डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "नज़र अच्छी है. कल से आ जा."

एवढाच माझा इंटरव्ह्यू!

*

लग्न ठरायच्या आधी मुलीचा मामा माझी नोकरी पाहायला गोंदियाहून आला. गेटवरच्या चौकीदाराला दया आली, त्यानं त्याला शेडच्या दारापर्यंत सोडलं. मामानं पाच मिनिटं मान वर करून पाहिलं आणि परत गेला.

घरी जाऊन त्यानं सांगितलं, "पोट्टा चांगला हाय. उंचावर बसते. काचेची केबिन हाय त्याले. आन् खाली सारे मान वर करून त्याच्याकडंच पाह्यत राह्यते!"

मुलीनं, म्हणजे कमलनं, हो म्हटलं. तिला वाटलं, ऑफिस.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मी पाळीवरून आलो. शर्टाची कॉलर काळी, कानात कापूस, भुवयांवर धूळ. ती दारात उभी राहून बघत राहिली. मला वाटलं, आता रडते.

तिनं विचारलं, "केबिन काचेची हाय ना?"

म्हटलं, "हाय."

"मंग मामा खोटा नाही बोलला," म्हणाली आणि अंघोळीचं पाणी काढायला आत गेली.

*

काम चालू असताना शेडमध्ये आवाज इतका की खालचं बोलणं वर ऐकू येत नाही. खाली उभा राहणारा हातानं सांगतो आणि वरचा तसं क्रेन चालवतो. बोट वर करून फिरवलं की उचल. मूठ आवळली की थांब. माझा खालचा माणूस होता रामटेके. बावीस वर्षं त्यानं हात हलवला आणि मी माल हलवला. घरीसुद्धा भात पुरे म्हणायचं असेल तर मी मूठच आवळतो. कमल वाढायची थांबते.

एकदा दिवाळीच्या सुट्टीवरून रामटेकेचं आणि माझं भांडण झालं. दोन महिने अबोला! पण काम चालूच होतं. तो हात करायचा, मी माल न्यायचो. एक सळी इकडची तिकडे झाली नाही. कोणाला पत्तासुद्धा लागला नाही. शेवटी देवांगनच्या लक्षात आलं, कारण चहाला आम्ही दोघं दोन वेगळ्या बाकांवर बसत होतो.

तो म्हणाला, "तुम दोनों की लड़ाई में आवाज काहे नहीं आती भाई? हमको भी तो मजा आए!"

आम्ही चहापाण्यासाठी केबिनमधून एक दोरी खाली सोडून ठेवतो. एका दुपारी दोरीला झटका बसला. ओढून पाहतो तर रामटेकेचा डबा. उघडला. वांग्याची भाजी आणि भाकरी, पण डबा अर्धाच भरलेला.

राग अर्धाच गेला होता ना!

*

रामटेके गेला त्याला आता सहा वर्षं होतील. त्याची मुलगी सुनीता. बारावी झाली तेव्हाच लग्न झालं. नवरा सोडून गेला, तेव्हा एक मुलगी पदरात. सासरहून परत आली आणि कामं शोधू लागली.

कामं मिळत होती. टिकत नव्हती. मॉलमध्ये सहा महिने, मोबाइलच्या दुकानात पाच, शंकर नगरला एका ऑफिसात आठ. कुठं कंत्राट संपायचं, कुठं दुकानच बंद व्हायचं. दर दिवाळीला तिच्या अंगावर नव्या दुकानाच्या रंगाचा टीशर्ट असायचा. गळ्यात अडकवायची जुनी ओळखपत्रं घरी एका खिळ्याला टांगलेली होती. तिची छोकरी त्यांच्या फितींनी खुर्चीला गाय म्हणून बांधायची.

एकदा शाळेत बाईंनी त्या छोकरीला विचारलं, "मम्मी क्या करती है?"

ती म्हणाली, "मम्मी नई है."

बाईंना समजेना. "नई मतलब?"

"वो फोन पे सबको यही बोलती है. मैं यहाँ नई हूँ."

हे सुनीतानं मला हसत हसत सांगितलं. सांगून झाल्यावर हसणं थांबलं.

"काका," ती म्हणाली, "मले आता एका जागी जुनं व्हायचं हाय."

*

रिटायर झाल्यावरही मिलवाले मला आठवड्यातून तीन दिवस बोलावतात, नवीन लोकांना क्रेन शिकवायला. क्रेनवाले मिळत नाहीत. जो शिकतो त्याला महिन्याच्या महिन्याला पगार, पीएफ, आजारी पडला तर दवाखान्याचं कार्ड. तरी लोक शिकत नाहीत, कारण शिडी.

एक इंजिनीअर आला होता. चांगला गोरागोमटा, बोलायला गोड. वर चढला, केबिनमध्ये बसला, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, ये अस्सी डिग्री तो होगा?"

देवांगन तेव्हा नोकरीत होता. तो शिडीच्या वरच्या पायरीवरून म्हणाला, "पंखा लगा है बेटा. पर हवा भी तो यहीं की है ना!"

इंजिनीअर जेवायला म्हणून उतरला. त्याची पाण्याची बाटली अजून वर आहे. चांगली स्टीलची आहे.

सुनीताचं नाव मीच सुचवलं. सुपरवायझर म्हणाला, "लेडीज?" मी म्हटलं, "रामटेकेची पोट्टी." त्यानं रजिस्टर उघडलं. रामटेकेनंच त्याला काम शिकवलं होतं. सहा महिन्यांसाठी, कच्च्या कामावर, घेतली.

पहिल्या दिवशी ओढणी कमरेला घट्ट बांधून ती चढू लागली. मी तिच्या मागं दोन पायऱ्या खाली. मधल्या पायरीवर ती थांबली. हाताची बोटं पांढरी पडली होती.

"काका, खाली पाहू का वर?"

"हातातली पायरी पाह्य."

तिनं पाहिली. मग पुढची. मग त्याच्या पुढची.

वर पोचल्यावर धाप टाकत म्हणाली, "इथून बाबा कुठं दिसायचे?"

मी बोट दाखवलं. दुसऱ्या खांबाजवळ. ती बराच वेळ तिकडं बघत होती.

*

चार महिन्यांत तिचा हात बसला. क्रेनमध्ये ताकद लागत नाही, धीर लागतो. माल झुलू लागला तर घाई करायची नाही, त्याचं झुलणं संपू द्यायचं. सुनीताला हे कोणी शिकवावं लागलं नाही.

एकदा देवांगन तिच्या घरी जेवायला गेला. तिनं डाळीची पळी उचलली, हळूच त्याच्या ताटावर आणली आणि थांबली. पळीतली डाळ हलायची बंद होईपर्यंत थांबली!

देवांगन हात जोडून म्हणाला, "नोनी, ये दाल है, लोहा नहीं. अब उतार दे बेटी, भूख लगी है!"

*

सहा महिने भरत आले आणि ऑफिसात नवीन साहेब आला. तिशीचा, कोरे बूट, मोबाइलमध्ये मान. त्यानं सुनीताचा फॉर्म पाहिला आणि म्हणाला, "पक्की नौकरी के लिए ग्रेजुएट चाहिए. बारहवीं कैसे चलेगी?"

मी म्हटलं, "साहेब, मी सातवी. पस्तीस वर्षं चाललो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. वाईट नव्हता तो. नवा होता.

"ठीक है. सोमवार को मैं खुद टेस्ट लूँगा. दस मिनट. नहीं हुआ तो कॉन्ट्रैक्ट खत्म. फिर मुझसे मत बोलना."

रविवारी सुनीता आमच्याकडं आली. कमलबरोबर मेथी निवडत बसली. जाताना तेवढं विचारलं, "काका, नाही झालं तर दुसरं कुठं ओळख हाय का तुमची?"

मी नाही म्हटलं. खरंच नव्हती.

सोमवारी साहेब शेडमध्ये आला. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर घड्याळ लावलेलं. सळ्यांचं तीन टनांचं बंडल भट्टीच्या टोकापासून पार गेटच्या टोकापर्यंत न्यायचं होतं. सुनीतानं उचललं. इतकं सरळ उचललं की माझ्या छातीतला दगड थोडा हलला. बंडल हवेतून निघालं, अर्ध्या वाटेवर आलं आणि थांबलं.

वरून क्रेनची घंटी वाजली. पुन्हा वाजली. बंडल जागचं हलेना.

"क्या हुआ? डर गई क्या?" साहेब मान न उचलता ओरडला. "टाइम चल रहा है! चलाओ!"

काचेमागं सुनीतानं मान हलवली. नाही.

"अरे चलाओ! छह मिनट हो गए!"

घंटी. पुन्हा घंटी. खालचा माणूस साहेबाकडं बघायचा, माझ्याकडं बघायचा आणि गप्प राहायचा. नोकरी त्यालाही प्यारी होती. क्रेनचा नियम एकच आहे. खाली माणूस असेल तर त्याच्या डोक्यावरून माल न्यायचा नाही, मग तो कोणीही असो. आणि बंडलाच्या वाटेवर, बरोबर मधोमध, साहेबच उभा होता.

आठ मिनिटं झाली. सुनीता थांबलेलीच. मधे पडलो तर टेस्टच बाद होईल म्हणून मीही थांबलेला.

मग मी पुढं गेलो आणि साहेबाचा कोपर धरला. त्याला चार पावलं बाजूला आणलं, खांबापर्यंत. तो रागावून म्हणाला, "ये क्या कर रहे हो?" तेवढ्यात बंडल हललं. त्यानं मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा.

जमिनीवर काळी धूळ होती. तिच्यात त्याच्या कोऱ्या बुटांचे दोन ठसे उमटले होते. तीन टन लोखंड त्या ठशांवरून हळूहळू पुढं गेलं, गेटच्या टोकाला पोचलं, झुलणं संपेपर्यंत थांबलं आणि लाकडी ठोकळ्यांवर बसलं. आवाजसुद्धा झाला नाही.

मोबाइलमधलं घड्याळ केव्हाच वाजून बंद झालं होतं.

सुनीता चाळीस पायऱ्या उतरून आली. चेहरा पांढरा पडला होता. हात मागं बांधून उभी राहिली. साहेबानं हातातला फॉर्म सरळ केला, इकडं तिकडं पाहिलं. टेबल कुठंच नव्हतं.

"काका, ज़रा झुकोगे?"

मी वाकलो. त्यानं माझ्या पाठीवर कागद ठेवला. पक्क्या नोकरीची पहिली सही बिघडली. ती खोडली आणि खाली दुसरी केली. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. पण दोन्ही वेळा पेन अडखळलेलं माझ्या पाठीला कळलं.